खिज्र कोण, आणि त्यांनी त्या मुलाला का मारलं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: कुराणात मूसांना (बायबलमधले मोझेस) एक गूढ साधुपुरुष भेटतो. तो गरिबांची होडी फोडतो, एका मुलाला ठार करतो, तरीही ज्ञानी तोच ठरतो. हे पटवून कसं घ्यायचं? हा खिज्र पैगंबर, संत की फरिश्ता? लोक म्हणतात तसा तो अजून जिवंत आहे का? आणि सिंधी लोकांचा झुलेलाल तोच का?

फारसी कविता आणि सूफी वाङ्मय शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. या गोष्टीपाशी आलं की वर्ग हमखास अडतो, आणि अडतो तो त्या मुलाच्या मरणापाशीच. तुम्हीही तिथेच अडलात, हे बरं झालं. जो तिथे न अडता पुढे जातो त्याने गोष्ट नीट वाचलेली नसते, असं माझं ठाम मत आहे. म्हणून आधी मूळ संहितेत काय आहे ते पाहू. लोककथा, दर्गे, दिवे सोडणं हे सगळं त्यानंतर.

गोष्ट कुराणाच्या १८व्या सूरेत (अध्यायात), म्हणजे सूरह अल-कहफमध्ये आहे. आयत (म्हणजे वचन) ६० ते ८२, अवघ्या तेवीस आयती. खिज्र हे नाव त्यांत कुठेच नाही. तिथे फक्त ‘आमच्या दासांपैकी एक’ असा उल्लेख येतो, ज्याला ईश्वराने आपली कृपा दिली आणि आपल्याकडचं ज्ञान थेट शिकवलं. नाव येतं ते हदीसमधून, म्हणजे पैगंबर मुहंमदांच्या उक्ती-कृतींच्या परंपरेने आलेल्या नोंदींतून. पैगंबरांचे सहकारी इब्न अब्बास यांनी उबय्य बिन काब या दुसऱ्या सहकाऱ्याकडून ऐकलेली ही लांबलचक हदीस बुखारी या हदीस-संग्राहकांच्या संग्रहात आहे, आणि गोष्टीची सुरुवातही तीच सांगते. मूसा इस्राएलच्या लोकांपुढे बोलत होते. कुणीतरी विचारलं, सर्वांत ज्ञानी कोण? मूसा म्हणाले, मी. ‘ईश्वर जाणे’ एवढं म्हणायचं राहून गेलं. त्यावर आदेश आला की दोन समुद्र मिळतात तिथे माझा एक दास आहे, त्याला तुझ्याहून जास्त कळतं.

मूसा एका तरुण सेवकाला घेऊन निघतात. हदीस सांगते की हा सेवक म्हणजे यूशा बिन नून. टोपलीत एक मासा घेतलेला, तो जिथे हरवेल तिथे तो माणूस भेटणार. एका खडकापाशी दोघं विसावतात आणि मासा टोपलीतून निसटून समुद्रात शिरतो. सेवक ते सांगायला विसरतो. बरंच पुढे गेल्यावर मूसा जेवण मागतात, तेव्हा त्याला आठवतं. हदीसमध्ये इथे एक बारीक तपशील आहे आणि मला तो फार आवडतो: ठरलेली जागा ओलांडेपर्यंत मूसांना थकवा म्हणून जाणवलाच नव्हता. चुकीच्या दिशेने पावलं पडायला लागली तेव्हा अंगात शीण भरला. मग दोघं आपल्याच पाऊलखुणा शोधत मागे फिरतात.

तो पुरुष भेटतो. मूसा विनंती करतात की तुम्हाला मिळालेलं ज्ञान मलाही शिकवा. तो आधीच बजावतो की तुमच्याने धीर धरवणार नाही. ज्याची तुम्हाला खबरच नाही त्याबद्दल धीर धराल तरी कसा? अट एकच, मी स्वतः सांगेपर्यंत काही विचारायचं नाही. मूसा कबूल करतात.

होडीवाले खिज्रला ओळखतात आणि भाडं न घेता दोघांना चढवून घेतात. एक चिमणी होडीच्या काठावर येऊन बसते, समुद्रात एकदा चोच बुडवते. खिज्र म्हणतात, माझं आणि तुमचं ज्ञान मिळून ईश्वराच्या ज्ञानापुढे एवढंच, या चिमणीने समुद्रातून उचललं तेवढं. हे वाक्य शिष्याला कमी लेखण्यासाठी नाही. गुरू त्यात स्वतःलाही मोजतो आहे, इकडे लक्ष द्या. आणि मग हाच गुरू अवजार घेऊन होडीची फळी उखडतो. मूसा उसळतात: ज्यांनी फुकट बसवून घेतलं त्यांचीच होडी फोडलीत, माणसं बुडवायची आहेत का?

पुढे किनाऱ्यावर एक मुलगा भेटतो, आणि खिज्र त्याला ठार करतात. मूसा म्हणतात, कुणाचा जीव घेतलेला नसताना एका निष्पाप जिवाला मारलंत? हे भयंकर केलंत. त्यानंतर तेच स्वतःवर अट घालून घेतात की यापुढे काही विचारलं तर मला सोबत ठेवू नका.

तिसरा प्रसंग एका गावातला. दोघं खायला मागतात, गाव नकार देतं. तिथेच एक भिंत पडायला आलेली असते, आणि खिज्र ती उभी करून देतात. मूसा एवढंच म्हणतात की मनात आणलं असतं तर याची मजुरी घेता आली असती. पहिल्या दोन वेळा आक्षेप अन्यायाला होता, या वेळी प्रश्न पोटाचा आहे. सोबत संपते ती या सगळ्यांत साध्या, भुकेल्या माणसाच्या बोलण्यावर.

निरोपाच्या वेळी उलगडा होतो. होडी समुद्रावर पोट भरणाऱ्या गरिबांची होती आणि पुढे एक राजा प्रत्येक धडधाकट होडी जबरदस्तीने हिसकावून घेत होता. खोट असलेली होडी वाचली. मुलाचे आईबाप श्रद्धाळू होते, तो पुढे बंडखोरीने आणि अश्रद्धेने त्यांना पिचवेल अशी भीती होती, आणि त्याच्या जागी ईश्वर त्यांना अधिक चांगलं, अधिक मायाळू मूल देणार होता. भिंतीखाली दोन अनाथ मुलांचा ठेवा होता, त्यांचा बाप सज्जन होता. मुलं मोठी होईपर्यंत तो झाकलेला राहायला हवा होता. शेवटी खिज्र सांगतात की हे मी माझ्या मनाने केलेलं नाही.

आता तुमचा खरा प्रश्न. होडी आणि भिंत समजतात, मुलाचं काय? जुन्या भाष्यकारांनाही हे जड गेलं. कुणी म्हणतं तो मुलगा वयात आलेला होता, वाटमारी करायचा. कुणी म्हणतं त्याचा पिंडच श्रद्धाहीनतेचा होता, आणि मुस्लिम नावाच्या दुसऱ्या हदीस-संग्राहकाच्या संग्रहातली एक हदीस तसं सांगते. धार कमी करणारी ही स्पष्टीकरणं वाचून माझं समाधान झालेलं नाही. कुराणाने मूसांच्या तोंडी ‘निष्पाप’ हा शब्द घातला आहे आणि तो तसाच राहू दिला आहे. वाचणाऱ्याला चटका बसावा, अशीच ती रचना आहे.

माझं म्हणणं असं की ही गोष्ट मूसांच्या बाजूने वाचायला हवी. मूसा शरियत आणणारे पैगंबर आहेत. डोळ्यांदेखत अन्याय झाला तर बोलणं हे त्यांचं कर्तव्य आहे, आणि दोन्ही वेळा ते बोलले ते बरोबरच बोलले. त्यांच्याकडून दिलेला शब्द पाळला गेला नाही, इतकंच. खिज्र त्यांना ‘तुम्ही धीर धरला नाहीत’ असं म्हणतात, ‘तुमचा न्याय खोटा आहे’ असं एकदाही म्हणत नाहीत. गोष्ट ज्ञानाची मर्यादा दाखवते, पण त्या मर्यादेत राहणाऱ्याने गप्प बसावं असं ती शिकवत नाही.

हे माझ्या पदरचं नाही. इस्लामच्या पहिल्या शतकात नजदा नावाच्या खारिजी (मुख्य प्रवाहातून फुटलेल्या एका कट्टर गटाच्या) पुढाऱ्याने इब्न अब्बासना पत्र लिहून काही प्रश्न विचारले होते. त्यातला एक होता, युद्धात शत्रूची मुलं मारावीत का? उत्तर मुस्लिम यांच्या संग्रहात आहे. पैगंबरांनी मुलं मारली नाहीत, तूही मारू नकोस. खिज्रला त्या मुलाबद्दल जे ठाऊक होतं ते तुला ठाऊक असेल तरच गोष्ट वेगळी. म्हणजे दार कायमचं बंद, कारण तसं ठाऊक असणारा कुणीच नाही. खिज्रची गोष्ट आपल्यापर्यंत पोहोचवणाऱ्या माणसानेच तिचा गैरवापर किती लवकर अडवला, ते यात दिसतं. तेराव्या शतकातले भाष्यकार कुर्तुबी याच प्रसंगाखाली आणखी कडक होतात: आम्हाला आतून ज्ञान होतं, आम्हाला शरियत लागू नाही, असं खिज्रचं नाव पुढे करून म्हणणारे धर्मबाह्य. सूफींमधले जबाबदार गुरूही याच बाजूचे आहेत. ‘पीर करतील त्याला प्रश्न विचारू नका, खिज्र आठवा’ असं कुणी सांगू लागला तर परंपरेचं उत्तर तयार आहे, ते त्याला ऐकवा.

आणखी एक गोष्ट सुचवते, तिने या प्रसंगांचा रंग बदलतो. इब्न अरबी हे अंदलुसात (मुस्लिम स्पेनमध्ये) जन्मलेले, १२४० साली दमास्कसला वारलेले मोठे सूफी विचारवंत. ते दाखवतात की खिज्रच्या तिन्ही कृत्यांत मूसांचं स्वतःचं आयुष्य डोकावतं. तान्ह्या मूसांना आईने पेटीत घालून नदीत सोडलं होतं, म्हणजे वरून बुडवणं आणि आतून वाचवणं. पुढे मूसांच्या हातून एक इजिप्शियन माणूस मेला होता. आणि मदयनच्या विहिरीवर त्यांनी दोन अनोळखी मुलींच्या जनावरांना पाणी पाजलं होतं, मोबदला न मागता. होडी, मृत्यू, बिनमजुरीचं काम. मूसा ज्यांवर आक्षेप घेतात त्या तिन्ही गोष्टी त्यांनी स्वतः अनुभवलेल्या आहेत.

पैगंबर, संत की फरिश्ता, यावर एकमत नाही. ‘मी माझ्या मनाने केलं नाही’ या वाक्यावरून बरेच विद्वान त्यांना पैगंबर मानतात, कारण ईश्वराचा थेट आदेश असल्याशिवाय जीव घेणं शक्य नव्हतं. सूफींचा मोठा वर्ग त्यांना वली, म्हणजे संत मानतो. फरिश्ता म्हणणारे थोडे. मला पैगंबर हे उत्तर जास्त सुसंगत वाटतं, नेमकं मुलाच्याच प्रसंगामुळे: संताच्या अंतःप्रेरणेला एवढा अधिकार दिला तर कुर्तुबींनी घातलेलं कुंपण टिकत नाही.

खिज्र अजून जिवंत आहेत का, हा वाद अधिक तापट. बुखारींनी ते नाकारलं असं सांगतात. आधार त्या हदीसचा, जिच्यात पैगंबर आयुष्याच्या अखेरीस म्हणाले की आज पृथ्वीवर असलेल्यांपैकी शंभर वर्षांनी कुणी उरणार नाही. कुराणाच्या २१व्या सूरेतही आहे की तुझ्याआधी कोणत्याही माणसाला आम्ही अमरत्व दिलेलं नाही. बगदादचे इब्न अल-जौझी याच मताचे. उलट दमास्कसचे नववी लिहितात की बहुतेक विद्वानांच्या मते ते जिवंत आहेत आणि सूफींमध्ये तर त्याबद्दल एकमतच आहे. पंधराव्या शतकात कैरोच्या इब्न हजर अस्कलानींनी खिज्रवर स्वतंत्र पुस्तिका लिहून सगळ्या कथा तपासल्या. त्यांतल्या बऱ्याच त्यांना कच्च्या आढळल्या. हदीसशास्त्राच्या कसोटीवर नकाराची बाजू भक्कम आहे. पण श्रद्धा त्या कसोटीवर वाढलेली नाही. इब्न अरबी सांगतात की ट्यूनिसच्या बंदरात एका चांदण्या रात्री ते होडीत होते, तेव्हा दुरून एक माणूस पाण्यावरून चालत आला आणि त्याने पायांचे तळवे दाखवले, ते कोरडे होते. ज्याला हयात गुरू मिळाला नाही त्याला खिज्र वाट दाखवतात, ही धारणा सूफींमध्ये खोल रुजली आहे.

अमरत्व आलं कुठून, तर मुख्यतः सिकंदराच्या कथांमधून. कुराणात खिज्रचा प्रसंग ८२व्या आयतीला संपतो आणि लगेच ८३व्या आयतीपासून झुलकरनैनची गोष्ट सुरू होते. त्याला पुष्कळांनी सिकंदर मानलं. शेजारच्या दोन गोष्टी सांगणाऱ्यांच्या तोंडी एकत्र झाल्या. शिवाय सिकंदराच्या जुन्या कथांत त्याचा आचारी खारवलेला मासा एका झऱ्यात धुतो, मासा जिवंत होतो आणि जीवनजलाचा पत्ता लागतो. मूसांच्या टोपलीतला मासा त्याच्याशी नातं सांगतो. फारसी कवींकडे, विशेषतः निजामींकडे, ही कथा पूर्ण फुलली: अंधाराच्या प्रदेशात खिज्र पुढे वाटाड्या, ते झऱ्याचं पाणी पिऊन अमर होतात आणि सिकंदर तहानलेलाच परततो. म्हणूनच गालिब खट्याळपणे विचारतात की खिज्रने सिकंदराचं असं काय भलं केलं, मग आता वाटाड्या कुणाला मानायचं?

एक सावधगिरी सांगते. ज्यूंचे पैगंबर एलिया आणि रब्बी (ज्यू धर्मपंडित) यहोशुआ यांची अशाच विचित्र कृत्यांची ज्यू कथा आहे, आणि ‘कुराणाने ती तिथून घेतली’ असं अनेक ठिकाणी बिनधास्त छापलेलं असतं. त्या ज्यू कथेचं आपल्या हाती असलेलं जुनं लिखित रूप कैरवानच्या रब्बी निस्सीम यांचं, अकराव्या शतकातलं. तेव्हा देवाणघेवाण उलट दिशेने झाली असण्याची शक्यताही तितकीच मोकळी ठेवायला हवी.

हदीस म्हणते की खिज्र कोरड्या, पांढऱ्या पडलेल्या जमिनीवर बसले आणि ती त्यांच्याखाली हिरवीगार झाली, म्हणून खिज्र, म्हणजे ‘हिरवा’, हे नाव. पाणी, हिरवाई, प्रवास: जिथे या तिन्हींची ओढ आहे तिथे खिज्र पोहोचले. तुर्कस्तानात समंदाग इथे, अगदी समुद्रकाठी, त्यांचं पांढऱ्या घुमटाचं स्थान आहे. मूसांची भेट इथेच झाली असं तिथले लोक मानतात आणि त्याला प्रदक्षिणा घालतात. ५ आणि ६ मे रोजी हिद्रेल्लेझ हा वसंताचा सण असतो. खिज्र आणि इलियास (म्हणजेच एलिया) त्या रात्री भेटतात, लोक गुलाबाच्या झुडपाखाली आपापल्या इच्छा ठेवतात. युनेस्कोने २०१७ मध्ये तुर्कस्तान आणि उत्तर मॅसिडोनियाचा वारसा म्हणून त्याची नोंद केली. बेथलेहेमजवळच्या एका गावाचं नावच अल-खद्र आहे. तिथल्या संत जॉर्जच्या चर्चमध्ये मुसलमानही नवस बोलतात, कारण त्यांच्या लेखी संत जॉर्ज आणि खिज्र वेगळे नाहीत.

आपल्याकडे ते ख्वाजा खिज्र झाले, नद्यांचे रखवालदार. मुर्शिदाबादला बंगाली भाद्र महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी भागीरथीत दिव्यांनी सजवलेले तराफे सोडतात, ही नवाबांच्या काळापासूनची प्रथा. मुघल शैलीच्या चित्रांत हिरव्या वस्त्रांतले, पांढऱ्या दाढीचे खिज्र माशावर उभे दिसतात. आनंद कुमारस्वामींनी १९३४ साली या चित्रपरंपरेवर लेख लिहिला होता.

आणि हेच रूप तुमच्या सिंधी शेजाऱ्यांच्या देव्हाऱ्यात आहे: पांढऱ्या दाढीचे झुलेलाल, माशावर. सिंधूत रोहडी आणि सक्करच्या मध्ये एका बेटावर ख्वाजा खिज्रचं स्थान आहे. त्यांना ‘जिंदा पीर’ म्हणतात, आणि एकेकाळी हिंदू-मुसलमान दोघेही तिथे जात. समुद्रातून सिंधूत चढणारा पल्ला, म्हणजे हिल्सा मासा, त्यांच्या दर्शनालाच वर येतो असं कोळी मानत. १९५५च्या कोटरी बंधाऱ्याने ती वाट अडवली. सिंधमधल्या उदेरोलाल या गावी, झुलेलालांच्या स्थानी, समाधी आणि मंदिर आजही एकाच आवारात आहेत. मुसलमान तिथल्या संताला शेख ताहिर म्हणतात.

मग झुलेलाल म्हणजे खिज्र का? कथा पाहिली तर नाही. झुलेलालांची कथा नसरपूरला जन्मलेल्या वरुणावताराची आहे. मिरखशाहाच्या जुलमातून त्यांनी हिंदूंना सोडवलं असं ती सांगते. मूसांशी, कुराणाशी तिचा संबंध नाही. पण नदी एक, मासा एक, होडीत पाय ठेवताना भीतीपोटी घेतलं जाणारं नाव एक. सिंधूकाठच्या माणसाला दोन्ही नावं एकाच शक्तीची वाटली, आणि त्याच्या या अनुभवाला खोटं ठरवण्याचं मला काही कारण दिसत नाही. फाळणीनंतर ही भक्ती उल्हासनगरला आली, आणि पाडव्याच्या सुमारास चेटीचंडला, म्हणजे सिंधी नववर्षाला, आपल्यासमोर मिरवणुकीने निघते. तुमच्या शेजाऱ्यांना ‘तो आमचा वेगळा’ किंवा ‘तोच तो’ यांपैकी काहीही म्हणू द्या. सिंधमध्ये दोन्ही म्हणणारे शेजारी शेजारी राहिले आहेत.

महाराष्ट्रातला दुसरा दुवा माहीमचा. मखदूम अली माहीमी (१३७२ ते १४३१) यांचा दर्गा सगळ्यांना ठाऊक आहे, उरुसात मुंबई पोलिसांच्या मानासाठी. ते कुराणाचे भाष्यकार होते आणि इब्न अरबींच्या विचाराचे मोठे जाणकार, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. दंतकथा अशी की शिकायला परदेशी जायचं होतं, पण आईला एकटं टाकवेना. तेव्हा पहाटेच्या नमाजनंतर माहीमच्या किनाऱ्यावर ख्वाजा खिज्र रोज येऊन त्यांना शिकवू लागले. खिज्रना प्रत्यक्ष पाहिल्याचं सांगणाऱ्या इब्न अरबींवर भाष्य करणाऱ्या माणसाभोवती ही कथा जमावी, यात मला नवल वाटत नाही.

वाचायला घ्याल तर त्या तेवीस आयती आधी टिपांशिवाय, एका बैठकीत वाचा. मग बुखारींची हदीस. तिच्या शेवटी प्रेषित मुहंमद म्हणतात की ईश्वर मूसांवर दया करो, त्यांनी आणखी थोडा धीर धरला असता तर आपल्याला अजून ऐकायला मिळालं असतं. भाष्यं त्यानंतर उघडा, आणि मुलाच्या प्रसंगावर तुमचा आक्षेप तोपर्यंत टिकला असेल तर तो घेऊनच ती वाचा.